दहावं तिकीट

अंजनामावशीने पहिल्यांदा माझं बखोटं धरलं, तेव्हा मी दाढेत लवंग दाबून दवाखान्यात निघालो होतो. "दाढ उद्या काढजो बापू," ती म्हणाली, "आज एक माणूस कमी पडून राहिला." पडद्यावर हिरोईन रडत होती, खुर्चीत मी. जास्त कोण रडलं, ते विचारू नका.

मावशी तुमसरच्या आमच्या टॉकीजची गेटकीपर. हयात दारात उभी राहून गेली. पाय सुजून खांब झाले होते. चांगल्या दिवसांत गर्दी अशी, की शिंकायचं तर माणूस बाहेर येऊन शिंकायचा. आणि मावशीचा आवाज असा, की तिने इथे "लाइन लावा!" म्हटलं की तिकडे मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बपेरा गावात बैल रांगेत उभे राहत. मग सिनेमा ज्याच्या त्याच्या खिशात शिरला. टॉकीजच्या मालकाने, सेठने, नियम केला: दहा तिकिटं खपली नाहीत, तर खेळ रद्द.

तेव्हापासून मावशी रोज संध्याकाळी माणसं धरायला निघायची. राइस मिलमधून सुटलेले हमाल तिचे हुकमी. "घरी निजता, ते इथी निजा ना रे!" बिचारे दिवे मालवताच घोरायला लागत. पडद्यावरच्या बंदुका ऐकू येत नसत.

"सिनेमा कोणी पाहत नाही मावशी, कायले एवढी धावते?" मी एकदा विचारलं.

"पाहा म्हनून कोन म्हनते? खेळ चालला पाहिजे. खेळ बंद, का सेठ धानाचं गोदाम करते."

एका संध्याकाळी आम्ही नऊच. बाजार बंद, रस्ता ओस. मावशी चौकापर्यंत जाऊन धापा टाकत रिकामीच परतली. खिडकीत हात घालून तिने स्वतःसाठी तिकीट घेतलं, स्वतःच फाडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत बसली. खेळ चालला.

संपल्यावर सेठ आत आला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"थकली तू मावशी. मी बी थकलो. उद्यापासून नको येऊ. पोती येऊन राहिली."

मला वाटलं, आता ही अशी ओरडेल की छपराचे पत्रे थेट वैनगंगेत पडतील. ती खुर्चीचा हात धरून हळूहळू उठली. आवाज मला शेजारी बसूनही जेमतेम ऐकू आला.

"मंग सेठ, संध्याकाळी मी कुठी उभी राहू?"