गुरुवारचा चंडोल

सोसायटीच्या माळ्याने आज वाळलेलं गवत कापलं आणि त्या वासाने मला चाकणपलीकडचं माळरान आठवलं. गुरुवारी कंपनीला सुट्टी असे, तेव्हा नवरा आणि मी सकाळीच मोटारसायकलवरून त्या पठारावर पक्षी बघायला जायचो. तो प्रेस शॉपमध्ये, पत्रे ठोकणाऱ्या मोठ्या मशीनवर कामाला होता. कानात घालायला बोळे मिळत, पण मशीनचा आवाज बदलला तर कळायला हवा म्हणून तो ते खिशातच ठेवायचा. पक्षीही तो आधी कानानेच ओळखायचा. "डोळ्यांनी काय, कुणीही ओळखेल," असं म्हणून मला चिडवायचा. अशाच एका गुरुवारी गुडघाभर पिवळं गवत दवाने ओलं होतं आणि खालच्या रस्त्यावरून कंटेनरची घरघर येत होती. एक चंडोल गात गात सरळ वर चढला. नवऱ्याचं लक्षच नव्हतं, म्हणून मी त्याला कोपराने ढोसून वर बोट दाखवलं. त्याने मान वर केली आणि नेहमीसारखे डोळे मिटून घेतले. तेवढ्यात चंडोल दगडासारखा गवतात उतरला आणि गप्प झाला. "काय गातोय बघ," तो म्हणाला. "अजून?" मी विचारलं. "अजून म्हणजे? आत्ता कुठे रंगात आलाय." माझं बोलणं त्याला ऐकू येत होतं, पण ते बारीक, उंच पट्टीतलं गाणं त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "हो, छान गातोय," मी म्हटलं आणि थर्मासमधला चहा ओतला. आता गुरुवारी आम्ही घरीच असतो. जायचं का, असं तो विचारत नाही, आणि मीही विचारत नाही.