थांबलेलं यंत्र

नवजात बाळांच्या काचपेटीची ऊब सांभाळणारं आमचं यंत्र मधूनच पेटी गार पडू द्यायचं. म्हणून प्रोसेसरच्या जागी त्याची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर बसवला आणि प्रोग्रॅम एकेका सूचनेवर थांबवत तपासू लागलो. पण थांबलो की यंत्र पहिल्यापासून सुरू! भिंतीवर चौकटीत 'गती हीच प्रगती' लिहिलं होतं. यंत्राने ते मनावर घेतलं असावं.

शेजारच्या टेबलावरून मीनाताई म्हणाल्या, "अहो, आधी वॉचडॉग टायमर बंद करा. प्रोसेसर जरा गप्प बसला की तो मेलाच समजून उठवतो त्याला."

बंद केला. यंत्र निवांत थांबलं आणि चूक सापडली. थांबलेल्याला मेलेला न समजणारी माणसं थोडीच भेटतात.

पेटी उबदार राहू लागली, तसा टायमर पुन्हा चालू केला आणि मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. मीनाताईंनी चहा पुढे सरकवला. विचारलं काहीच नाही.