करडईच्या तेलावर धावलेली फटफटी

औसा रोडवर माझ्या फटफटीमागे तीन कुत्री लागली होती. भुंकत नव्हती. नाकं वर करून, शेपट्या हलवत, वरातीत निघाल्यासारखी येत होती. चहाच्या गाड्यावरचा म्हातारा ओरडला, "मावशी, भजे तळत चाललाव का?"

मीही नाक वर केलं. खरंच भज्यांचा वास येत होता.

जातानाही आला होता. पण तेव्हा गाडीच्या दोन्ही बाजूंना जेवणाचे भरलेले कॅन होते. वाटलं, वांग्याच्या भाजीचा असेल. आता ते कॅन हॉस्टेलवर उतरवून आदल्या दिवशीचे रिकामे घेऊन मी परत निघाले होते, तरी वास जाईना. मागे पाहिलं तर सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर निघत होता आणि भूक लागावी असा वास सुटला होता. मला हसू आवरेना.

मी लातुरात मेस चालवायचे. शिक्षण चौथी. भूकंपात आमचं खेड्यातलं घर पडलं. माणसं वाचली, म्हैस गेली आणि भिंतीखालून ही फटफटी निघाली. हँडल वाकडं, बाकी शाबूत. ह्यांचा उजवा पाय कायमचा अधू झाला, त्यामुळे किक मारायचं काम माझ्याकडे आलं. शहरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. किनवट, हिमायतनगर, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला येत होती, आणि त्यांना दोन्ही वेळा भूक लागत होती. आम्ही पत्र्याचं शेड भाड्याने घेतलं. नणंद स्वयंपाक करायची, मी पोचवायची.

गाडी मी मैदानावर शिकले. हे खुर्चीत बसून ओरडायचे, "क्लच सोड!" मी गाडीच सोडून द्यायची. नऊवारीत फटफटीवर बसायला काही अडचण नाही. अडचण उतरायला येते, आणि मी बहुतेक वेळा पडूनच उतरायचे. म्हैस आडवी आली म्हणून पडले. चिखलात पडले. पण सगळ्यात वाईट पडणं म्हणजे गाडी थांबल्यावर पाय टेकायचं विसरून सावकाश आडवं होणं. त्यात लोकांना बघायला भरपूर वेळ मिळतो. फटफटीला मात्र कधी काही झालं नाही. तिच्यासारखं पडायला कुठल्याच नव्या गाडीला जमत नाही.

ही गाडी टू-स्ट्रोक. म्हणजे हिच्या पेट्रोलमध्येच थोडं इंजिन ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन जाम होतं. ते ऑइल आम्ही सुट्टं आणायचो, सरबताच्या तपकिरी बाटलीत. फोडणीचं करडईचं तेलही तसल्याच बाटलीत काढलेलं असायचं. घोटाळा होण्याचं कारण नव्हतं. ऑइल फटफटीजवळ, करडई चुलीजवळ. पण पावसाळ्यात फटफटीही चुलीजवळच उभी असायची, कारण शेडमध्ये तेवढीच जागा गळत नव्हती.

त्या सकाळी मी मंडईतून आले तेव्हा नणंद ऐटीत म्हणाली होती, "वैनी, तुमच्या गाडीला तेल बी पाजून ठिवलंय."

औसा रोडवर हे आठवलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं. करडई गाडीला पाजली, तर भाजीला काय घातलं?

हॉस्टेलात सत्तर पोरं होती. तिथले सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "एक पोरगं जरी तुमच्या जेवणानं आजारी पडलं, तर दुसऱ्या दिवशी कॅन उतरवायचे नाहीत." आमची मेस त्या एका हॉस्टेलवर उभी होती. आणि हॉस्टेल राहू द्या, पोरं परक्याची. आया-बापांना काय तोंड दाखवणार?

गाडी वळवली. कुत्रीही वळली. इतकी पळवली की रिकामे कॅन ताशासारखे वाजायला लागले. हॉस्टेलच्या वळणावर कुणाच्या तरी नव्या क्लासचं बांधकाम चाललं होतं. रस्त्यावर वाळूचा ढीग. मी त्यात शिरले. गाडी एकीकडे, मी दुसरीकडे, कॅनची झाकणं गटाराकडे. मिस्त्री धावत आला.

"लागलं का, मावशी?"

"गाडी उचल आधी!"

किक मारली. पहिल्याच किकेला सुरू. करडई तिला फार मानवली होती.

हॉस्टेलात पोरं ताटं घेऊन बसली होती. मी दारातूनच ओरडले, "घास खाली टाका!"

सत्तर हात थांबले. माझ्या केसांत वाळू, काष्टा सुटायला आलेला, मागे तीन कुत्री. किनवटचं एक पोरगं भीत भीत म्हणालं, "मावशी, गिळला तर?"

"गिळलेला राहू दे. पुढचा टाक!"

सर आले. "काय तमाशा आहे हा?"

"सर, भाजीत बहुतेक गाडीचं ऑइल पडलंय."

सरांचा चेहरा फोडणीतल्या कढीपत्त्यासारखा झाला. "बहुतेक म्हणजे? पडलंय की नाही?"

"विचारून सांगते. फोन द्या."

शेडशेजारच्या किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराने नणंदेला बोलावलं. तिला वाटायचं, फोनवर लातूर ते नांदेड ऐकू जाईल एवढं ओरडावं लागतं. त्यामुळे टेबलापलीकडे सरांना सगळं ऐकू येत होतं.

"वन्सं, आज फोडणीला कंचं तेल घातलं?"

"घातलंच न्हाई!"

"म्हणजे?"

"बाटली कढईत ओतली तर असा घाण वास सुटला, मला वाटलं तुम्हीच गाडी चालू केली. मागं वळून बघितलं. कुणीच न्हाई! मग दिलं मोरीत ओतून."

"आणि कढई?"

"राखेनं घासली दोनदा. पर दुसरं तेल काढायला टाइम कुठं होता? तुम्ही हॉर्न वाजवून राहिलाव. म्हणून शेंगदाण्याचं कूट घालून बिनतेलाचीच शिजवली. पोरांना सांगू नका, बोंब मारतील!"

मी फोन ठेवला. पोरं अर्धा घास हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"खा. काही नाही झालं."

"आधी तुम्ही खा," किनवटचं पोरगं म्हणालं.

मी त्याच्याच ताटावर बसले आणि वाळूच्या हाताने खाल्लं. भाजी चांगली झाली होती. पोरं इतकी हसली की दोघांना ठसका लागला.

सर मात्र विचारात पडले होते. मला वाटलं, गेलं हॉस्टेल. ते म्हणाले, "दुपारच्या लेक्चरला ही पोरं झोपतात. तेलामुळेच झोपत असणार. उद्यापासून रोज बिनतेलाचीच द्या."

सत्तर पोरांनी एकदम माझ्याकडे बघितलं. त्या नजरा मला अजून आठवतात.

सर क्लास बंद करून गावी जाईपर्यंत हॉस्टेल आमच्याकडेच राहिलं. बिनतेलाची भाजी आठवडाभर चालली. पोरं दुपारी झोपतच होती, सरांनीच मग तेल परत सुरू करायला सांगितलं. फटफटीचा सायलेन्सर मात्र चिकट काजळीने बुजला. मेकॅनिकने तो काढून आतली काजळी जाळली तेव्हा शेजारच्या दोन घरांतून विचारणा झाली, आज कसला बेत आहे म्हणून.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या गुडघ्याला हळद लावताना नणंद म्हणाली, "चौकात एसटीडी हाय की. तिथूनच का न्हाई फोन केला?"

खरं होतं. आधी फोन करावा, मग पडावं.