तीन भोंग्यांची वाट

तिनं त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ते तिच्यावर ओरडत होते. बर्फाच्या कारखान्याच्या कचेरीत ती टायपिस्ट म्हणून लागून दोन महिने झाले होते. त्या दिवशी आग लागल्याचा सराव होता. सगळे जिन्याकडे पळाले. ती अर्ध्यातून मागे फिरली, खुर्चीवरची पर्स उचलली आणि मग निघाली. जिन्याच्या तोंडाशी एक काटकुळा सुरक्षा अधिकारी घड्याळ घेऊन उभा होता.

"पर्स हवी की जीव?"

"दोन्ही. घराची किल्ली पर्समध्ये आहे. नुसता जीव घेऊन जाऊ कुठे?"

त्यांनी वहीत नोंद केली : 'टायपिस्ट, अकरा सेकंद उशीर.' वर्षभरात त्यांचं लग्न झालं. अकरा सेकंदांचा विषय मात्र संसारात अधूनमधून निघत राहिला.

कारखान्यात त्यांना 'बाहेरसाहेब' म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी "बाहेर! बाहेर!" अशी आरोळी ठोकून ते तीनशे माणसं मैदानात उभी करत, डोकी मोजत आणि पुन्हा आत सोडत. तीस वर्षांत तिथे काडीही पेटली नाही. याचं सगळं श्रेय साहेब स्वतःकडे घेत. कुणी हरकत घेत नसे, कारण हरकत घेणाऱ्याला पुढच्या सरावात जखमी म्हणून स्ट्रेचरवर पडावं लागे.

बर्फ गोठवायला लागणाऱ्या अमोनियाच्या टाकीची नियमावली ही त्यांची हयातभराची कमाई. एक लांब भोंगा झाला की वायू गळतोय असं समजायचं, दारं-खिडक्या लावून फटींत ओले टॉवेल कोंबायचे आणि घरातच थांबायचं. तीन भोंगे झाले की कारखान्याची वसाहत सोडून टेकडीकडे निघायचं. ही नियमावली तिनंच टाइप केली होती, चार वेळा, कारण साहेबांना स्वल्पविराम पटत नव्हते. नियमावलीचा सारांश पुठ्ठ्यावर चिकटवून वसाहतीतल्या प्रत्येक स्वयंपाकघरात टांगला गेला.

साहेब निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी दोघं वसाहतीतच राहत होती. एका मंगळवारी सकाळी ती त्यांच्या सदऱ्याला बटण लावत असताना भोंगा वाजला. एक. लांब.

साहेबांचा चेहरा उजळला असं म्हणणं बरं दिसत नाही, पण उजळला. पाच मिनिटांत खिडक्या बंद झाल्या. टॉवेल संपले, म्हणून तिच्या ठेवणीतल्या दोन चादरीही भिजल्या.

"घाबरू नकोस," साहेब खुर्चीत ताठ बसून म्हणाले. "पुढचा आदेश येईपर्यंत जागा सोडायची नाही."

तिला दमा होता. हा तपशील नियमावलीत नव्हता.

वीसेक मिनिटांनी चादरींना न जुमानता उग्र वास आत आला. तिचे डोळे चुरचुरले, छातीत शिट्टी वाजू लागली. बाहेरून पोलिसांची गाडी गेली : वसाहत रिकामी करा, ताबडतोब रिकामी करा.

"अहो, ऐकलंत का?"

"लाउडस्पीकर म्हणजे आदेश नव्हे. लाउडस्पीकरवर लोक भंगारही मागतात."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा व्हॅनवाला दार बडवू लागला. "काकू! दोन जागा ठेवल्यात, चला!"

"तीन भोंगे झाले का?" साहेबांनी दाराआडून विचारलं.

"झाले असतील की!"

"असतील? मोजले का तू?"

"साहेब, जन्मभर लोकांना बाहेर काढलंत, आज स्वतः निघा ना! दहा मिनिटं थांबतो. मग मी मोकळा."

"मूर्ख आहे," साहेब तिला म्हणाले. "उघड्यावर पळणं म्हणजे आपण होऊन वायूच्या तोंडात जाणं." हे खोटं नव्हतं, म्हणून तर त्यांच्याशी भांडणं अवघड होतं.

तिनं दम्याचा पंप दोनदा ओढला. फरक पडला नाही. आता जे बोलायचं ते थोडक्यात बोलायला हवं होतं.

"तीन भोंगे... द्यायचे कुणी?"

"सुरक्षा अधिकाऱ्यानं स्वतः. एक भोंगा कुणीही द्यावा, तीन मात्र दुसऱ्या कुणी द्यायचे नाहीत. कलम सात."

"मीच टाइप केलंय. सध्या अधिकारी कोण आहे?"

साहेबांच्या निरोपाच्या कार्यक्रमात व्यवस्थापक म्हणाले होते, असा माणूस पुन्हा मिळणे नाही, तेव्हा आम्ही ही जागाच भरणार नाही. साहेबांना तो गौरव वाटला होता. सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्यांच्याच होत्या.

"म्हणजे तुम्ही... तुमच्याच भोंग्याची..." पुढचं खोकल्यात गेलं.

साहेब उठले आणि चपला शोधू लागले. "मी जाऊन देऊन येतो."

"जा. तोवर मी मरते."

त्यांनी वळून पाहिलं. तिचे ओठ निळसर झाले होते. साहेबांनी दाराच्या फटीतला टॉवेल उपसला, तिच्या नाकातोंडाशी धरला आणि तिला कवेत घेऊन जिना उतरले. दहा मिनिटांचा वायदा केलेला व्हॅनवाला त्यांना शिव्या घालत अजून तिथेच उभा होता.

गाडी निघाली. वाटेतल्या चार घरांच्या बंद खिडक्यांतून ओल्या कापडाची टोकं लोंबत होती. साहेबांचे आज्ञाधारक विद्यार्थी पुढच्या आदेशाची वाट पाहत होते. साहेबांनी काच खाली केली.

"वर करा ती!" व्हॅनवाला ओरडला.

"बाहेर! पुठ्ठा गेला खड्ड्यात! बाहेर पडा!"

दारं उघडली. चौथ्या घरातल्या म्हातारबुवांनी मात्र "लेखी आहे का?" असं विचारलं. त्यांना त्यांच्या सुनेनं दंडाला धरून बाहेर काढलं.

त्या दिवशी कुणी दगावलं नाही. ती नऊ दिवस रुग्णालयात होती. तुम्ही आधी निघाला असता तर त्या दोन दिवसांत घरी गेल्या असत्या, असं डॉक्टरांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं. स्वल्पविरामही बदलायला सांगितला नाही.

आता दोघं टेकडीवरच्या भागात तळमजल्याच्या दोन खोल्यांत राहतात. तिला वीस पावलांवर थांबून दम घ्यावा लागतो, त्यामुळे बाजारात ती जात नाही. भाजी साहेब आणतात.