टाकीत काय घातलंय?

लोहाऱ्यात जिथून गावोगावच्या जीपा सुटतात, तिथून दहा पावलांवर पत्र्याचं एक दुकान आहे. त्याला पाटी नाही आणि पाटीवाचून त्याचं काही अडलेलंही नाही. आसपासच्या गावांत पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप रुसला किंवा गवत कापायचं मशीन बंद पडलं की लोक ते उचलतात आणि सरळ चांगुणाबाईंपुढे आणून ठेवतात.

चांगुणाबाई वडिलांच्या सायकल दुकानात पंक्चर काढता काढता मोठ्या झाल्या. पुढे लातूरला शेती अवजारांच्या एका दुकानात सहा वर्षं इंजिनं खोलली आणि मग इथं स्वतःचं दुकान थाटलं. यजमान राजपाल एसटीत वाहक आहेत. घरातला पंखा दुरुस्त करायलाही बायकोलाच बोलवावं लागतं, हे ते चारचौघांत कौतुकानं सांगतात.

बाईंची एक रीत आहे. मशीन आणलं की "काय झालं?" असं त्या कधीच विचारत नाहीत. "टाकीत काय घातलंय?" एवढंच विचारतात. निम्मे गडी तिथंच गडबडतात. एकानं ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑईल घातलं होतं, का तर ऑईल ते ऑईल. दुसऱ्यानं मागच्या हंगामातलं पेट्रोल थंड पेयाच्या बाटलीत जपून ठेवलेलं. बाईंनी बूच काढून वास घेतला आणि बाटली बाजूला ठेवली.

"हे शिळं झालंय. शिळी भाकरी तुम्ही खाल, इंजिन न्हाय खात."

लहान इंजिनांत दोन जाती असतात. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्येच मापानं ऑईल मिसळून द्यावं लागतं. फोर-स्ट्रोकला ऑईल खाली इंजिनात वेगळं, टाकीत मात्र निव्वळ पेट्रोल. बाहेरून दोन्ही सख्खे भाऊ दिसतात. हे मी आज मोठ्या रुबाबात लिहितोय, पण मला ते कसं कळलं ते सांगतो.

मागच्या वर्षी तूर ऐन फुलात होती आणि अळी पडली होती. आमच्या शेजारच्या बब्रुवानअण्णांकडे टू-स्ट्रोक पंप आहे. तो त्यांनी दगडाबाईला दिला. दगडाबाईचं एकच एकर, मुलगा पुण्यात, म्हणून पंप पाठीवर घेऊन ती स्वतःच फवारते. अर्ध्या तासात तिच्या पाठीवरच इंजिन जाम झालं. चालू करायची दोरी ओढली तरी हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या पिकअपमधून आम्ही तिघं लोहाऱ्याला निघालो. माझ्या गवत कापायच्या मशीनची नायलॉनची तार संपली होती, म्हणून मी. वाटभर अण्णांचं तोंड चालू होतं. "वैनी, दिल्याली वस्तू नीट वापरायची का न्हाय? आता पुन्यांदा माझ्या दारात पंप मागाया यिऊ नका." दगडाबाई मान खाली घालून बसली होती. पंप मिळाला नाही तर तिची तूर अळीच्याच घशात जाणार, हे गाडीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. मीही तिला दोन समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. त्या आठवल्या की आजही कानशिलं तापतात.

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. बाईंनी पंपाचा सायलेन्सर काढला आणि बॅटरीच्या उजेडात आत पाहिलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"म्या कायच न्हाय घातलं," दगडाबाई म्हणाली. "टाकी भरल्यालीच व्हती."

"भरलेली व्हती तर मग तुमीच काय तरी केलं आसंल की," अण्णा म्हणाले.

 बाईंनी जुन्या वहीचा कागद फाडला. एका कोपऱ्यावर आपल्या डब्यातल्या ऑईल घातलेल्या पेट्रोलचा थेंब टाकला आणि दुसऱ्या कोपऱ्यावर पंपाच्या टाकीतला. कागद उन्हात धरून उभ्या राहिल्या. आम्ही सगळे शाळेतल्या पोरांसारखे त्या कागदाकडे पाहत होतो. थोड्या वेळानं एका कोपऱ्यावर तेलकट डाग राहिला. पंपाच्या थेंबाचा कोपरा कोरडा ठणठणीत झाला.

"टाकीत ऑईलचा थेंब न्हाय, म्हणून पिस्टन घासला. आक्काची काय चूक न्हाय ह्यात," बाई म्हणाल्या. "टाकी भरली कुणी?"

 दगडाबाईच्या आधी तो पंप माझ्याकडे होता. आमच्याकडे उसनं आणलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. ताक आणलं तर तांब्यात मूठभर शेंगा तरी घालून देतात. त्याच हिशेबानं मी पंपाची टाकी मोटारसायकलच्या पेट्रोलनं काठोकाठ भरून अण्णांच्या ओट्यावर ठेवली होती. वर चांगलं केल्याचं समाधान वेगळंच. अण्णांनी तो तसाच दगडाबाईला दिला.

तीस वर्षं मी वर्गात पोरांना सांगत आलो, चूक झाली तर उभं राहून सांगा. पण मला स्वतःला तोंड उघडायला मिनिटभर लागलं. त्या मिनिटात दगडाबाई अण्णांकडे बघत होती आणि अण्णा दगडाबाईकडे. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं.

"मी भरली," मी म्हणालो. "साधं पेट्रोल. माझ्या मशीनला तेच घालतो."

 मी पुढे काही बोलायच्या आत चांगुणाबाईच म्हणाल्या, "चूक माझी बी हाय. गुरुजींचं मशीन फोर-स्ट्रोक. त्यात ऑईल मिसळू नका, असं म्याच सांगितलं. पर दुसऱ्याचं मशीन हातात आलं तर आधी जात बघा, हे सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

गिऱ्हाइकं ऐकत होती. ज्या बाईचं दुकान तिच्या शब्दावर चालतं, तिनं भर दुकानात, कुणी विचारलं नसताना, चूक अंगावर घेतली. मला मिनिट लागलं, तिला काहीच लागलं नाही. माणूस मोठं असतं म्हणजे काय, ते मला साठाव्या वर्षी त्या पत्र्याखाली दिसलं.

नवा पिस्टन-सिलेंडर मी आणून द्यायचा ठरलं. तोवर बाईंनी दुकानातला स्वतःचा पंप दगडाबाईपुढे ठेवला. माप तिच्याच हातात दिलं, लिटरला ऑईल किती ते तिच्याकडूनच पेट्रोलच्या बाटलीत ओतून घेतलं आणि बाटली हलवायला लावली. अण्णांनी स्वतः तो पंप उचलून गाडीत ठेवला.

परतताना दगडाबाई बाटली मांडीवर धरून बसली होती. मी तिची माफी मागितली. 

"गुरुजी, कालपास्नं म्या माझ्या हातालाच शिव्या घालत हुते," ती म्हणाली. "मला वाटलं, आपल्याच हाताला गुण न्हाय. तुमी समदी सांगत हुता, मंग खरंच आसंल."