वाऱ्यातली सावड

दम लागल्याचं खोटं सांगून मी एक शर्यत जिंकलो, आणि ते खोटं बोलून होत नाही तोच बायकोच्या मोबाइलकडे बघून दोन्ही हात हलवले.

यातली एकच गोष्ट केली असती तर निभावलं असतं. नुसतं खोटं बोलणारा माणूस सुखात राहतो, नुसते हात हलवणाराही राहतो. दोन्ही एकाच फेरीत उरकायला माझ्यासारखा माणूस लागतो. मी वाटूरच्या शाळेत इतिहास शिकवतो. कोणी कुणाला कुठे दगा दिला हे सालासकट पोरांना सांगायचं, हेच माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे मला कळलं नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

पळायला लागलो ते शुगरमुळे. डॉक्टरांनी खरं तर चालायला सांगितलं होतं. पण चालणाऱ्या मास्तरला लोक थांबवतात आणि पोराला इतिहासात एवढेच मार्क कसे, असं विचारतात. पळणाऱ्याला कोणी थांबवत नाही, म्हणून पळू लागलो. पहिल्याच आठवड्यात मंठ्याच्या रस्त्यावर मागून एक जण आला. पायात रबरी चप्पल, हातात दुधाची किटली. माझ्या बरोबरीला येऊन म्हणाला, "सर, एवढ्या जल्दी कुठं चाल्ले?" मला उत्तर देता येईना, तोंड सगळं श्वासालाच लागत होतं. त्याला वाटलं मी रागावलो. "बरं बरं" म्हणून तो पुढे निघून गेला, आणि किटलीतलं दूध काही सांडलं नाही.

तो माझ्याच वयाचा. वडिलांच्या काळापर्यंत त्यांचं घर मेंढरांमागे गावोगाव हिंडायचं. आता थोडी शेती आहे, कापूस आणि तूर असते, दारात नावापुरती मेंढरं आहेत. आमची ओळख वाढली ती त्या किटलीमुळेच. मी दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागायला थांबलो, आणि तिसऱ्या दिवसापासून फाट्यावरच्या चहाच्या टपरीपाशी भेटून आम्ही दोघं पळू लागलो. तो मला 'सर' म्हणायचा, मी त्याला 'दोस्ता'.

दिवाळीनंतर आमच्याकडे सकाळचं वारं सुटतं. समोरून येतं आणि छातीला हात लावून मागे ढकलल्यासारखं ढकलतं. पुढे पळणाऱ्याचा जीव जातो; मागचा त्याच्या आडोशाला मजेत असतो. मी अर्थातच मागे असायचो. काही दिवस त्यानं चालवून घेतलं. मग एके सकाळी रस्त्याच्या कडेला थांबून म्हणाला, "सर, हे असं न्हाई जमायचं. आपण सावड करू."

ज्यांच्या घरी औत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन घरांकडे एकेकच बैल असला की ते दोन्ही बैल एकत्र जुंपतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. याला सावड म्हणतात. यात लिहून काही ठेवत नाहीत, साक्षीदारही नसतो. त्याचा बैल तुमच्या रानात राबून गेला, की तुमचा त्याच्या रानात जाणारच, इतकंच गृहीत असतं. आम्ही बैलांच्या जागी छात्या जुंपल्या. या लाइटच्या खांबापासून त्या खांबापर्यंत वारं त्यानं खायचं, तिथून पुढच्या खांबापर्यंत मी. माझी पाळी आली की मला कधीकधी खांब दिसायचा नाही. तो दाखवायचा.

पुढे आमच्या खेळाच्या सरांनी बातमी आणली की जालन्याला पंचेचाळिशीपुढच्यांच्या जिल्हा स्पर्धा आहेत, पंधराशे मीटर आहे, आणि पहिले दोघं राज्य स्पर्धेला जातात. दोस्तानं एकच विचारलं. राज्याचा ट्रॅक लाल असतो ना? लाल रबरी ट्रॅक त्यानं फक्त मोबाइलवर पाहिला होता. "त्याच्यावर पाय कसा पडत असंल, सर?" हा प्रश्न त्यानं त्या महिन्यात मला किती वेळा विचारला असेल. मी दर वेळी जाणकारासारखं सांगायचो की गादीसारखा पडतो, अनवाणी पळालं तरी चालतं. मी स्वतः आयुष्यात लाल ट्रॅकला पाय लावलेला नव्हता. पण मास्तरला माहीत नाही म्हणता येत नाही, ही आमच्या धंद्याची अडचण.

आमच्या गटात अंबडकडचा एक निवृत्त फौजी होता. त्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक होती. शेवटच्या वळणापर्यंत तो कोणाच्या तरी पाठीला चिकटून बसतो आणि मग एकदम सुटतो. अशा माणसाला शर्यत हळू चालली तर आयतीच मिळते. म्हणून आम्ही ठरवलं, पहिल्यापासून जोरात काढायची, म्हणजे फौजीच्या पायातला तो शेवटचा जोर वाटेतच संपेल. पण एकट्यानं सगळा वेळ पुढे राहणं आमच्यापैकी कोणालाच जमणारं नव्हतं. म्हणून इथेही सावड. पहिली फेरी मी पुढे, दुसरी तो, तिसरी परत मी, आणि शेवटच्या फेरीची घंटा झाल्यावर ज्याच्यात जे उरलं असेल ते. पहिला कोण, दुसरा कोण, हा प्रश्नच नव्हता. दोघं जाणार होतो.

पहिली फेरी मी इमानानं काढली. हे मुद्दाम लिहितो, कारण त्यानंतरचं लिहिण्यासारखं काही केलं नाही. दुसऱ्या फेरीला तो पुढे आला. मैदानाच्या पलीकडच्या बाजूला वारं सरळ तोंडावर येत होतं, आणि मी त्याच्या पाठीमागे इतका आरामात होतो की मला विचार करायला वेळ मिळाला. शर्यतीत विचार करायला वेळ मिळू नये. मला सुचलं की आपण पहिले येऊ शकतो. शाळेत सकाळच्या प्रार्थनेला मेडल घालून उभे राहू. हा दुसरा येईलच, त्याचं काय अडतंय.

तिसरी फेरी सुरू झाली. तो ठरल्याप्रमाणे जरा बाहेर सरकला, मला आतून वाट दिली आणि मान वळवून बघितलं. मी तोंड वेडंवाकडं करून म्हणालो, "दम लागला रे. तूच राह पुढं."

त्यानं मान हलवली, परत आत आला आणि माझ्या वाटणीचं वारं खायला लागला.

आणि तिथेच, वळणावरच्या दोरीपलीकडे, माझी बायको मोबाइल धरून उभी होती. "अहो, इकडं बघा" म्हणाली. मी बघितलं. दात काढले. दोन्ही हात वर करून हलवले, एखादा पुढारी उघड्या जीपमधून हलवतो तसे.

घंटा झाली. शेवटच्या वळणावरून मी बाहेर सरकलो आणि त्याच्या शेजारून पुढे गेलो. आपल्यात इतका जोर आहे हे बघून माझा मलाच अचंबा वाटला. जोर माझा नव्हता, त्याच्या पाठीमागे साठवलेला होता. रेषा ओलांडून मागे वळलो, तर फौजी छाती पुढे काढून दुसरा आला होता. माझा दोस्त तिसरा. दोन फेऱ्या लागोपाठ पुढे राहून त्याच्या पायांत काही उरलंच नव्हतं.

तो वाकून उभा राहिला, मग सावरला आणि सरळ माझ्याकडे आला. मी पटकन परत धापा टाकायला सुरुवात केली. माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, "सर, आता बरं हाय का? लई दम लागल्ता तुम्हाला." आणि कुठून तरी पाण्याची बाटली घेऊन आला. आधी मला दिली, मग तो प्यायला.

परतताना तो माझ्या गाडीत पुढे बसला होता. मागच्या सीटवर बायकोनं व्हिडिओ लावला. "अहो, हात किती छान केला तुम्ही," ती म्हणाली. मी जोरात खोकलो आणि गाणी लावली. त्यानं मागे वळून बघितलं नाही. खिडकीतून बाहेर बघत एवढंच म्हणाला, "फौजी लई चिवट निघाला."

संध्याकाळी मुख्याध्यापकांचा अभिनंदनाचा फोन आला. व्हिडिओ झकास आहे म्हणाले. बायकोनं तो स्टेटसला टाकला होता. मी तिला म्हणालो, काढ तो, त्यात मी जाड दिसतोय. ती म्हणाली, "ते तर तुम्ही रोजच दिसता." तरी काढला. काढता काढता सहज म्हणाली की तुमच्या दोस्तानंही बघितला, अंगठा पाठवलाय.

तो अंगठा मी बराच वेळ बघत बसलो. शिवी पाठवली असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येतं.

दुसऱ्या दिवशी तो फाट्यावर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी एकटा पळायचो आणि माझी बाजू मांडत राहायचो, कारण ऐकणारं कोणी नव्हतं. म्हणायचो, मी कुणाला कोपर मारलं का? कुणाची वाट अडवली का? मागे राहून शेवटी सुटणं हा तर डावच आहे. फौजीनंही तेच केलं, जगातले मोठमोठे पळणारे तेच करतात. कोणताही पंच माझ्याकडे बोट दाखवू शकत नाही. हे सगळं खरं होतं. फक्त फौजीनं कुणाला 'माझी पाळी' म्हणून कबूल केलेलं नव्हतं. तो उघड उघड पाठीला बसला होता, आणि त्याला तिथून हलवायला आम्ही मोकळे होतो. मी विश्वासाच्या पाठीला बसलो होतो. असं वाक्य सुचलं की मास्तर खूश होतो. मी झालो नाही; त्या दिवशी अर्ध्यातूनच परत फिरलो.

शेवटी मला उपाय सापडला, आणि उपाय म्हणजे आणखी एक खोटं. आयोजकांना फोन करून सांगितलं की माझा गुडघा गेला, माझ्याऐवजी तिसऱ्याला न्या. ते म्हणाले चालेल, त्याला विचारून कळवा. मी गुडघ्याला पट्टी गुंडाळली आणि लंगडत त्याच्या रानात गेलो. नवराबायको कापूस वेचत होते. त्याच्या बायकोनं पाणी दिलं. मी खाली बसून, पाय लांब करून, सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर पळू नको म्हणाले, जागा मोकळी आहे, तूच जा.

तो पट्टीकडे बघत होता. म्हणाला, "आता गुडघ्याला दम लागला का, सर?"

त्याची बायको तोंडाला पदर लावून दुसऱ्या ओळीत गेली. मी पट्टी सोडायला लागलो. सोडता सोडता सगळं सांगितलं. मेडल घालून प्रार्थनेला उभं राहायचं होतं, तू दुसरा येशील वाटलं होतं, सगळं. तो कापूस वेचत राहिला. मग विचारलं, "ट्रॅक लालच असंल न तिथला?"

"लालच आहे. जा ना, दोस्ता. खरंच जा."

"खोट्या गुडघ्यावर जाऊ?" तो म्हणाला. "म्या पाह्यलं ते, सर. म्या वारं खाऊन राह्यलो, अन् तुम्ही हात हलवून राह्यले. मला पहिल्या नंबराचं काई न्हाई. मागितला असता तर देल्ता म्या."

हे मात्र मला ठाऊक होतं. त्यानं तो दिला असता. मग मी विचारलं, आता काय करू.

"सावड कशानं फिटते? जागा देऊन फिटते का? ज्यानं बैल नेला त्यानं बैल घेऊन यावं."

राज्याला मी गेलो नाही, तोही गेला नाही. आमच्या गटातून फौजी एकटाच गेला. एका खोट्यात दोन जागा घालवायचा पराक्रम माझ्या नावावर आहे. लाल ट्रॅकवर पाय कसा पडतो हे आम्हा दोघांनाही अजून माहीत नाही. फरक इतकाच, की आता मी ते सांगत नाही.

रानातल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपरीपाशी उभा होता. त्यानं हातानं रस्ता दाखवला. मी पुढे झालो. खांब आला, मी मागे बघितलं, तो हलला नाही. पुढचा खांब आला, त्याच्या पुढचा आला. तेव्हापासून सगळे खांब माझे आहेत. परीक्षा झाल्या, वाऱ्याची दिशा बदलली, तो आपला माझ्या पाठीमागे, आडोशाला. टपरीवाल्यानं एकदा विचारलंही की सर आजकाल रोज पुढं असतात, सुधारले वाटतं. दोस्त नुसता हसला.

परवा मात्र वारं फार होतं. परतीच्या वळणावर माझे पाय लटपटायला लागले. या वेळी दम खरोखर लागला होता, आणि तेच सांगायची मला सोय उरली नव्हती. म्हणून दुसरीकडून गेलो. म्हणालो, दोस्ता, इतके दिवस झाले, फिटली असेल ना आता सावड? जरा तू हो पुढं, मी येतो मागून.

मागून आवाज आला, "सावड कव्हाचीच फिटली. पण तुम्ही पुढंच बरे, सर. मागं असले की भरवसा न्हाई तुमचा."