पाचव्या गिअरची बचत

मी आधी ट्रॅक्टर शिकलो, मग कार, आणि तिथेच घात झाला. हिंगणीजवळच्या आमच्या वांग्याच्या वावरात बाबांनी दिलेला धडा एकच होता: "टॉपमधी टाक लवकर. इंजिन वरडलं का तेल पेते." डिझेलचा ट्रॅक्टर इंजिनाच्या कमी फेऱ्यांतही मुकाट ओढतो. तीच अक्कल मी आमच्या छोट्या पेट्रोल गाडीवर चालवली. ताशी तीसचा वेग आला न आला की पाचवा गिअर. गावात माझ्या बचतीचं कौतुक व्हायचं आणि मी ते मोठ्या तोऱ्यात ऐकायचो.

आईच्या मणक्यात कॅन्सर उतरला. रेडिएशनसाठी तिला रोज वर्ध्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. ती मागे बसायची, दोन्ही हातांनी समोरची सीट घट्ट धरून. सेलूपर्यंतच्या खराब रस्त्यावर वेग उतरला की इंजिन धडधडायचं, सगळी गाडी थरथरायची. तरी मी खालचा गिअर टाकत नसे. वर तिलाच चिडवायचो, "आई, तू लय भित्री आहे." ती हसायची.

तीन आठवड्यांनी सेलूच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. माझ्या शेजारी बसून त्याने एक चक्कर मारली आणि कपाळावर हात मारला. "भाऊ, हे ट्रॅक्टर थोडीच आहे? हळू चालताना टॉपमधी हिचा दम तुटते, मंग तुम्ही अक्सिलेटर दाबत राह्यता. पेट्रोल उलट जास्त जाते." मोकळ्या रस्त्यावर पाचवा ठीक, वेग उतरला की तिसरा, एवढंच त्याचं म्हणणं. मला राग आला, तोही त्याचाच.

दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तिसरा टाकला. गाडी शांत चालली. सेलू यायच्या आत आईने हात मांडीवर घेतले.

"आज बरं वाटून राह्यलं," ती म्हणाली. "रोज वाटे, कोणी मणक्यात खिळा ठोकून राह्यलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू पेट्रोल वाचवत होता ना, माह्याच दवापाण्यासाठी. आज जास्त लागत असन?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "लागते थोडं," मी म्हणालो.

"मंग टाक ना वरचाच. पाच दिवस तं राह्यले."

ते पाचही दिवस मी वेग उतरला की तिसराच टाकला. आपल्यापायी पेट्रोल जातं म्हणून आई रोज माझी माफी मागायची, आणि मी ती घ्यायचो.